सिगारेटलाही गे-स्ट्रेट कळतं का?

जूनमध्ये आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने अमेरिकेतला एक पोस्टर टाकला, इंद्रधनुषी झेंडा, दोन तरुण पोरं हसतायत आणि खाली सिगारेट सोडायचं आवाहन. त्याच्याखाली दुसऱ्याने लगेच लिहिलं, "आता सिगारेटमध्ये पण गे-स्ट्रेट आलं का? धूर काय ओळखपत्र बघून फुफ्फुसात जातो?" हसण्याच्या इमोजी वगैरे. मला पण पहिल्यांदा तसंच वाटलेलं खरं तर. मग थोडं वाचत गेलो आणि लक्षात आलं की धुराला काही कळत नसेल, पण सिगारेट विकणाऱ्याला चांगलं कळत होतं आणि त्याचे लेखी पुरावे आहेत. ग्रुपवर एवढं टाइप करणं शक्य नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

एक शब्द आधीच सांगून टाकतो. एलजीबीटी म्हणजे लेस्बियन, गे, बायसेक्शुअल आणि ट्रान्सजेंडर. स्ट्रेट म्हणजे ज्यांना फक्त विरुद्ध लिंगाच्या माणसाचं आकर्षण असतं ते. सगळीकडे एवढं लांबलचक लिहित बसणार नाही, बऱ्याच ठिकाणी नुसतं क्वीअर म्हणेन.

आधी आकडे, थोडेच

अमेरिकेतली सीडीसी नावाची सरकारी आरोग्य संस्था दरवर्षी सर्व्हे करते. २०२० च्या सर्व्हेत स्ट्रेट प्रौढांपैकी १२.३ टक्के लोक सिगारेट ओढत होते आणि लेस्बियन, गे, बायसेक्शुअल लोकांपैकी १६.१ टक्के. सिगारेटसोबत वेप म्हणजे ई-सिगारेट, सिगार, चघळायची तंबाखू असं सगळं धरलं तर १८.८ विरुद्ध २५.१. म्हणजे हजार-हजार माणसांचे दोन हॉल भरले तर एका हॉलमध्ये १८८ जण तंबाखूवाले आणि दुसऱ्यात २५१.

तुम्ही म्हणाल फरक काय फार मोठा नाही. पण १९६५ मध्ये अमेरिकेत ४२ टक्के प्रौढ लोक सिगारेट ओढायचे, ते कमी होत होत २०२० पर्यंत साडेबारावर आले, म्हणजे अख्खा देश सिगारेटपासून लांब चाललाय आणि त्यात काही ठरावीक गट मागे राहतायत. का राहतायत हा प्रश्न आहे.

हिंदमाताचं पाणी

इथे एक गैरसमज लगेच होतो आणि तो मी मुद्दाम आधीच घेतो, कारण एका वाचकाला राग येणार आणि दुसऱ्याला गुदगुल्या होणार. "म्हणजे ह्या लोकांनाच व्यसन जास्त असतं का?"

दरवर्षी मोठा पाऊस झाला की मुंबईत दादर-परळच्या हिंदमाताला पाणी साचतं. म्हणून कोणी असं म्हणत नाही की तिथल्या लोकांना पाण्यात उभं राहायची हौस आहे. जागा सखल आहे, बशीसारखी, आजूबाजूचं पाणी तिथे येतं. तंबाखूचं पण तसंच आहे. माणूस कोणावर प्रेम करतो ह्यात सिगारेटची तलफ नसते, पण समाजाने त्याला ज्या जागेवर ढकललेलं असतं ती जागा सखल असते.

सखल म्हणजे काय? अभ्यासक ह्याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात. सोप्या भाषेत, वर्षभर पाहुण्यांच्या घरी राहायला लागलं तर कसं होईल? पाय वर घेऊन बसू का, मोठ्याने हसू का, फ्रीज उघडू का, प्रत्येक गोष्टीला आधी विचार. कोणी काही बोलत नसतं तरी दमायला होतं. आता हेच ऑफिसात, कॉलेजात, स्वतःच्या आईवडिलांच्या घरात. "वीकेंडला काय केलंस" ह्या साध्या प्रश्नाला पण मनात आधी गाळणी लावायची, नाव सांगायचं की नाही, तो म्हणायचं की ती म्हणायचं. त्यात मारहाण, घरातून हाकलणं, नोकरी जाणं ही मोठी संकटं वेगळीच. आणि निकोटिन काय करतं, तर झुरका घेतल्यावर काही सेकंदात मेंदूत पोचतं आणि क्षणभर मोकळं वाटायला लावतं. ते मोकळं वाटणं बऱ्याच अंशी आधीच्या सिगारेटने लावलेली तलफ भागल्याचंच असतं, पण ते त्या क्षणी कोणाला कळतं?

दुसरा सखलपणा म्हणजे बार. अमेरिकेत कित्येक दशकं क्वीअर माणसाला दुसऱ्या क्वीअर माणसाला भेटायला बार सोडून फारशी जागाच नव्हती, आपल्याकडे जसं देऊळ, कट्टा, क्रिकेटचं मैदान, लग्नकार्य असं काही ना काही असतं तसं त्यांना काही नव्हतंच. १९६९ ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या धाडीवरून जो उठाव झाला तोसुद्धा स्टोनवॉल नावाच्या बारमध्ये. आणि बार म्हटलं की धूर आला, "लायटर आहे का?" हे अनोळखी माणसाशी बोलायचं सगळ्यात सोपं निमित्त आलं. कॅलिफोर्नियात बारमध्ये सिगारेट ओढायला बंदी आली १ जानेवारी १९९८ ला, तोपर्यंत आतच सगळं.

एवढं झालं तरी ती फक्त सखल जागा झाली. त्यात कोणी वरून नळ सोडून ठेवला तर?

नळ सोडणारे

टार्गेट मार्केटिंग म्हणजे गिऱ्हाईक बघून माल लावणं. पानटपरीवाल्याला हे कोणी शिकवत नाही, त्याला माहीत असतं की रिक्षावाले काका आले की कोणती पुडी काढायची आणि कॉलेजची पोरं आली की काय पुढे सरकवायचं. मोठ्या कंपन्या हेच कागदावर करतात, नकाशे आणि बजेट लावून.

१९९० च्या सुमाराला ह्या गोष्टीची सुरुवात उलट्या बाजूने झाली, आणि मला सगळ्या प्रकरणातला हा भाग सगळ्यात विचित्र वाटतो. तेव्हा नॉर्थ कॅरोलिनाचे जेसी हेल्म्स नावाचे सिनेटर होते. त्यांचं राज्य तंबाखूचं, त्यामुळे तंबाखू कंपन्यांचे लाडके. आणि गे लोकांचे कट्टर विरोधक, इतके की १९८७ मध्ये त्यांनी अशी दुरुस्ती पास करून घेतली की समलैंगिकतेला उत्तेजन मिळेल अशा एड्स-जागृतीच्या साहित्याला सरकारी पैसा द्यायचा नाही. तेव्हा एड्सने माणसं पटापट मरत होती. तर ह्या हेल्म्सना मार्लबोरोवाली फिलिप मॉरिस कंपनी पैसे देत होती. ॲक्ट अप ही एड्सवर आंदोलन करणारी संघटना भडकली आणि १९९० मध्ये मार्लबोरो सिगारेट आणि मिलर बीअर, दोन्ही त्याच कंपनीचे ब्रँड, त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे कडू गंमत. बहिष्कार सिगारेटवर नव्हता, ब्रँडवर होता. हेल्म्सला पैसे देऊ नका हा मुद्दा होता, सिगारेट वाईट हा नाही. १९९१ मध्ये तडजोड झाली, कंपनीने एड्ससाठी जास्त देणग्या द्यायचं कबूल केलं, बहिष्कार मागे. हेल्म्सना द्यायचे पैसे काही कंपनीने बंद केले नाहीत. पण ह्या सगळ्या भांडणात कंपनीला एक गोष्ट दिसली की अरेच्चा, हा गट संघटित आहे, ब्रँड लक्षात ठेवतो आणि ठरवलं तर एकदम बदलतो. शत्रू म्हणून समोर आलेले लोक गिऱ्हाईक म्हणून फारच कामाचे निघाले. १९९२ मध्ये त्याच कंपनीच्या बेन्सन अँड हेजेसची जाहिरात जॉन्रं नावाच्या गे पुरुषांच्या मासिकात झळकली आणि त्याची देशभर बातमी झाली.

मंडळाची कमान

इथे हा प्रश्न येतो की बाबा, जाहिरात दिली तर लोकांना राग का नाही आला?

ह्याला आपल्याकडचं उदाहरण एकदम फिट बसतं. गणपतीत गल्लीच्या तोंडाशी कमान लागते, कमानीवर कोणत्यातरी पानमसाल्याचं नाव असतं आणि खाली मंडळाचं. मंडळाच्या पोरांना विचारा, ते म्हणतील शेठ चांगला माणूस आहे, दरवर्षी देतो. पुडीने काय होतं ते त्यांना माहीत नसतं असं नाही, पण ज्याने वर्गणी दिली तो आपला.

आता ह्यात अजून एक गोष्ट मिळवा. गल्लीच्या मंडळाला निदान नगरसेवक विचारतो, दुकानदार विचारतात, सोसायट्या विचारतात. १९९० च्या आसपासच्या क्वीअर संस्थेला कोण विचारत होतं? सरकार हात झटकतंय, घरचे बोलत नाहीत, चर्च दार लावतंय, मित्र मरतायत, हॉस्पिटलची बिलं आहेत. अशात एक भली मोठी कंपनी म्हणते आम्ही तुमच्या मासिकात पान घेतो, तुमच्या कार्यक्रमाला पैसे देतो. त्या पानावर सिगारेट आहे हे दिसत नव्हतं असं नाही, पण त्याच्याआधी दिसायचं की कोणीतरी आपल्याला मोजतंय. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडी आगपेटीची होती एवढंच. त्या लोकांना आज नावं ठेवणं मला जमत नाही.

आणि ह्याचा एक फायदा कंपनीला असा झाला की तोंडं आपोआप बंद राहिली. जो मासिकाचं मागचं पान विकत घेतो त्याच्याविरुद्ध आतल्या पानावर लेख छापायचा कोणत्या संपादकाला सुचणार?

प्रोजेक्ट स्कम

बरं, कंपन्यांना त्यांच्याबद्दल खरोखर काय वाटत होतं? हे एरवी कळायचं कारण नव्हतं. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ४६ राज्यांनी मोठ्या तंबाखू कंपन्यांशी कोर्टकचेरीनंतर समझोता केला, पंचवीस वर्षांत दोनशे अब्ज डॉलरहून जास्त रक्कम द्यायची कबुली घेतली. त्या सगळ्या खटल्यांमधून कंपन्यांचे आतले कागदही बाहेर आले. मेमो, बजेट, मीटिंगच्या नोंदी, कोटीच्या वर कागद. आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी मेडिकल युनिव्हर्सिटीने इंटरनेटवर ठेवलेत, कोणीही उघडून वाचावं.

त्यात त्याच सॅन फ्रान्सिस्कोबद्दलचा १९९५ चा एक प्लॅन सापडला. कंपनी आर. जे. रेनॉल्ड्स, कॅमलवाले. दोन वस्त्यांवर लक्ष द्यायचं ठरलेलं: कॅस्ट्रो, म्हणजे अमेरिकेतला सगळ्यात प्रसिद्ध गे मोहल्ला, आणि टेंडरलॉइन, जिथे रस्त्यावर राहणारे बेघर लोक जास्त. इथे लोक आधीच जास्त सिगारेट ओढतात, ड्रग्जही जास्त आहेत आणि इथे आपल्या ब्रँडला बाजार काबीज करता येईल असा एकूण सूर. प्लॅनचं नाव सबकल्चर अर्बन मार्केटिंग. त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं स्कम.

ज्यांना इंग्रजी शिव्या येत नाहीत त्यांच्यासाठी, स्कम म्हणजे साचलेल्या पाण्यावर येतो तो घाण तवंग. माणसाला म्हटलं तर नीच, गलिच्छ. योगायोगाने जमलं असेल? असेलही बाबा, पण मग काही कागदांवर कोणीतरी तो शब्द पेनाने खोडून वर सावरडो असं लिहिलंय. सावरडो म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा फेमस आंबट ब्रेड. म्हणजे निदान एका माणसाला त्या ऑफिसात कळत होतं की हे नाव बाहेर गेलं तर बरं दिसणार नाही. नाव बदललं, प्लॅन नाही.

मला ह्या खोडलेल्या शब्दासमोर सगळे टक्के फिके वाटतात. बाहेर "तुम्ही आमचे", आत तवंग.

"पण साबणवाला पण जाहिरात करतोच की"

करतो. आणि गे मासिकात साबणाची, गाडीची, व्होडकाची जाहिरात आली तर ती बरोबरीची खूण पण असू शकते, मी नाही म्हणत नाही. फरक मालात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तंबाखू घेत राहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा जीव तंबाखूच घेते. साबणाने असं होत नाही.

"सज्ञान माणसं आहेत, त्यांची मर्जी" हे पण ऐकलंय. अमेरिकेत रोज सिगारेट ओढणाऱ्या दर दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराच्या आतच ओढलेली असते. हेच ते वय जेव्हा एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपण वेगळे आहोत हे कळायला लागतं आणि सांगायला कोणी नसतं. नंतर वयाच्या तिशीत जी "मर्जी" दिसते ती त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने घेतलेल्या निर्णयाची थकबाकी असते.

आणि तब्येतीचे काही हिशोब ह्या लोकांसाठी वेगळे आहेत म्हणून पण हा विषय वेगळा काढावा लागतो. इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स बाईने सिगारेट ओढली तर रक्तात गुठळी व्हायचा धोका वाढतो. ऑपरेशन करायचं असेल तर सर्जन आधी सिगारेट बंद करायला सांगतात, कारण जखम भरत नाही. एचआयव्हीवर आता चांगली औषधं आहेत, गोळ्या नियमित घेणारा माणूस भरपूर जगतो, पण डेन्मार्कमधल्या अशा रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की सिगारेट ओढणाऱ्यांची जेवढी वर्षं एचआयव्हीने जातात त्याच्याहून जास्त सिगारेटने जातात. ज्या आजाराने एक पिढी नेली त्यातून वाचायचं आणि मग सिगारेटने जायचं.

वेगळी मोहीम कशाला? काळं फुफ्फुस सगळ्यांचं सारखंच

फुफ्फुस सारखं, पण ऐकणारा माणूस सारखा नाही. ज्याला आयुष्यभर "तू करतोस ते चूक आहे" हेच ऐकवलंय त्याला अजून एका पांढऱ्या कोटातल्या माणसाने "हे पण चूक आहे" सांगितलं तर काय होईल? तो मान हलवेल आणि बाहेर जाऊन एक पेटवेल.

म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत १९९१ पासून क्वीअर लोकांसाठी सिगारेट सोडायचा फुकट क्लास चालू झाला, नाव द लास्ट ड्रॅग. ड्रॅग म्हणजे झुरका, आणि ड्रॅग म्हणजे पुरुषांनी झगमगीत बायकी पोशाख करून स्टेजवर उतरायची कला. शेवटचा झुरका, शेवटचा ड्रॅग. ज्याने हे नाव ठेवलं तो आतला माणूस असणार हे ऐकताक्षणी कळतं. आणि नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथे बसल्यावर गाळणी लावावी लागत नाही. सिगारेट का सोडता येत नाही हे सांगताना "माझा बॉयफ्रेंड सोडून गेला तेव्हापासून वाढली" असं सरळ बोलता येतं, गोष्ट बदलावी लागत नाही. सोडायच्या क्लासमध्ये अर्धं काम तर बोलण्याचंच असतं.

नंतर लास व्हेगासमध्ये क्रश नावाचा प्रयोग झाला. त्यांनी कंपन्यांचीच युक्ती उलटी वापरली, बारमध्येच भारी पार्ट्या करायच्या, वस्तीत मान असलेली पोरंपोरी पुढे ठेवायची, आणि तो पार्टीचा ब्रँडच मुळात बिनसिगारेटचा. बारला जाणाऱ्या क्वीअर तरुणांमध्ये सिगारेटचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ४० च्या थोडं खाली आलं. आता ह्यात सगळं श्रेय पार्टीचंच का, तुलनेला दुसरं शहर घेतलं होतं का, असे प्रश्न विचारायलाच पाहिजेत, तेव्हा सगळीकडेच सिगारेट कमी होत होती. पण दिशा बरोबर वाटते. मे २०१६ मध्ये खुद्द अमेरिकन सरकारच्या एफडीएने, म्हणजे अन्न, औषधं आणि तंबाखूवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याने, १८ ते २४ वयाच्या एलजीबीटी तरुणांसाठी धिस फ्री लाइफ नावाची मोहीम काढली, रोख कधीमधी ओढणाऱ्यांवर. हे कधीमधीवाले स्वतःला स्मोकर म्हणतच नाहीत, "मी फक्त पार्टीत" म्हणतात, आपल्याकडच्या "मी फक्त चहाबरोबर" सारखे.

उलट्या दिशेचं पण सांगतो. मेन्थॉल, म्हणजे पुदिन्यासारखी थंड लागणारी सिगारेट, घशाला टोचत नाही म्हणून नवख्याला सोपी जाते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्ये ती फार चालते, क्वीअर लोकांमध्येही इतरांपेक्षा जास्त. तिच्यावर बंदीचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला, रखडला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सीडीसीच्या तंबाखूविरोधी विभागातल्या लोकांना नोकरकपातीत घरी पाठवलं. वर मी ज्या सर्व्हेचे आकडे दिले ते लोकांसमोर मांडायचं काम असेच लोक करायचे.

आपला काय संबंध?

सिगारेटपुरतं बघितलं तर महाराष्ट्राचं चित्र अमेरिकेसारखं नाहीये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्व्हेत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, आणि मळून, चघळून, घासून तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपला राक्षस धुरात नाही, पुडीत आणि मिश्रीच्या डबीत आहे. सिगारेटच्या उघड जाहिरातींना २००४ पासून देशात बंदी आहे, गुटख्याला राज्यात २०१२ पासून, आणि ई-सिगारेट २०१९ मध्ये देशभर बंद झाली.

पण बंदी आली की जाहिरात कपडे बदलते. ह्याला सरोगेट जाहिरात म्हणतात, सरोगेट म्हणजे दुसऱ्याच्या नावाने. टीव्हीवर हिरो वेलची खातो, पाकिटाचा रंग आणि नाव तेच, लहान पोराला पण कळतं की वेलची विकायला एवढा खर्च कोणी करत नाही. कमान तीच, मजकूर सभ्य.

आणि आपल्याकडच्या क्वीअर पोरांची जागा सखल नाही असं कोण म्हणेल? समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला सुटका केली, पण दिवाळीला घरी गेल्यावर "आता लग्नाचं काय" ह्या प्रश्नाला उत्तर देऊन गच्चीवर जाऊन एक काडी पेटवणारी पोरं माझ्या ओळखीत आहेत. स्ट्रेट पोरं पण पेटवतात म्हणा, पण त्यांच्या प्रश्नाला निदान उत्तर असतं.

सोडायची असेल तर सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. अशा समुपदेशनात नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न साधा आहे आणि त्यावरून तलफ किती खोल गेलीय ते कळतं: सकाळी उठल्यावर पहिली किती मिनिटांत घेता? मी हा प्रश्न आमच्या ग्रुपवर टाकला. ज्याने धुराच्या ओळखपत्राचा जोक मारलेला त्याचं उत्तर सगळ्यात आधी आलं, "पाच."